पायऱ्यांची वही

सहलीच्या पंधरा दिवस आधी मी एकटीच एसटीने वाईला जाऊन आले. पर्समध्ये एक छोटी वही होती. तिच्यात देवळांची नावं कमी आणि पायऱ्या जास्त. कुठल्या पायऱ्या उंच, कुठे हात टेकायला भिंत आहे, कुठे ऊन उतरेपर्यंत सावली राहते, जेवणाच्या जागी खुर्च्या मिळतील की जमिनीवर पंगत. आमच्या महिला मंडळातल्या एकतीस जणी येणार होत्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक सत्तरी ओलांडलेल्या. इतक्या वर्षांत मला प्रत्येकीचे गुडघे पाठ झालेत.

सहल ठरली की आधी वर्गणीचं, बसचं, जेवणाचं बोलणं होतं. ते सोपं असतं. अवघड असतं ते कुणी बोलून दाखवत नाही. प्रवासाला निघालेली बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. वाटेत कुठे थांबतील, जागा कशी असेल, सगळ्यांना आपल्यासाठी थांबायला कसं सांगायचं, म्हणून ती घसा कोरडा ठेवून खिडकीबाहेर बघत बसते. आयुष्यभर ती असंच करत आलेली असते. म्हणून मी आदल्या दिवशी प्रत्येकीला फोन करून सांगितलं, "खंबाटकी घाटाच्या अलीकडे थांबणार आहोत. जागा स्वच्छ आहे, मी स्वतः बघून आलेय. पाणी प्या." त्या फोनची मला सर्वांत जास्त काळजी होती. बस लागणाऱ्या दोघींना पुढची जागा, पाठ दुखणाऱ्यांना चाकावरची नको, साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या हातात साडेआठच्या आत उपम्याची वाटी. हे सगळं वहीत होतं.

आणि वहीच्या शेवटच्या पानावर नऊ नावांपुढे फुली होती. मेणवलीला या नऊ जणी नदीचा घाट उतरणार नाहीत, वर सावलीत बसतील.

पौषातली सकाळ होती. बस खंबाटकी चढली, सुरूर फाट्याला वळली आणि डोंगर जवळ आले. वाईला ढोल्या गणपतीपुढे सगळ्या बराच वेळ उभ्या राहिल्या. 1762 साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ कृष्णेच्या अगदी काठावर बांधलं. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी तिच्यावर येऊन दोन्ही अंगांनी फाकावं म्हणून. मूर्तीइतकीच मला ती भिंत आवडते. अजून न आलेल्या पाण्याचा विचार करून कुणीतरी दगड रचले होते.

मेणवली तिथून जवळच. नाना फडणवीसांचा वाडा, वाड्याच्या पाठीशी घाट, घाटावर मेणेश्वराचं देऊळ आणि ती मोठी घंटा. चिमाजीअप्पांच्या 1739च्या वसई मोहिमेनंतर तिकडून इकडे आलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि 1707 हे साल. मी हे सगळं वरच सांगून टाकलं, खाली न जाणाऱ्यांचं काही चुकू नये म्हणून. सतरंजी अंथरली, पाण्याची बाटली ठेवली.

फुली असलेल्या नावांत पहिलं नाव मंडळातल्या सर्वांत थोरल्या काकूंचं होतं. त्यांचं माहेर वाईतलं, गंगापुरीतलं. माघ-फाल्गुनात कृष्णामाईचा उत्सव एकेका घाटावर होतो, तेव्हा लहानपणी रोज नवी परकर-पोलकी मिळावीत असं वाटायचं, हे त्यांनी बसमध्ये दोनदा सांगितलं होतं. सतरंजीवर त्या बसल्याच नाहीत. पहिल्या पायरीपाशी गेल्या, काठी माझ्या हातात दिली, निऱ्या आवरल्या आणि चक्क पायरीवर बसल्या. मग पाय खालच्या पायरीवर, दोन्ही हात मागे टेकवून शरीर खाली. पुन्हा पाय, पुन्हा हात. रांगतं मूल जिना उतरतं तसं.

मी म्हणाले, "काकू, वर कसं यायचं?"

"ते वर येताना बघू गं."

मागे वळून पाहिलं तर दुसरी बसली होती. मग तिसरी. थोड्या वेळात घाटाच्या काळ्या दगडावर नऊ रंगीत लुगडी हळूहळू पाण्याकडे सरकत होती. आधी उतरलेल्या वर आल्या आणि एकेकीच्या पुढे एकेक उभी राहिली, तोल गेला तर धरायला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मी पायऱ्या मोजल्या होत्या, उंची वितीने मापली होती. बसून उतरता येतं, हे मला सुचलंच नव्हतं. त्या दिवशी त्या घाटावर मला स्वतःच्या वहीची लाज वाटली आणि डोळ्यांत पाणीही आलं.

काकूंनी पाण्यात पाय सोडले. ओंजळ भरून डोळ्यांना लावली. मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

वर यायला सव्वा तास लागला. दोघींनी बगलेत धरायचं, एकीने मागून आधार द्यायचा, पाच पायऱ्या झाल्या की विसावा. धोमचा नृसिंह राहून गेला. जेवण तीन वाजता झालं, पिठलं थंड झालं होतं, भाकऱ्याही. सगळ्यांनी पोटभर खाल्लं.

परत निघताना बसच्या दारात उभी राहून मी डोकी मोजली. एकतीस. लुगड्यांचे काठ अजून ओले होते. बसच्या मधल्या वाटेवर पाण्याचे ठिपके पडले होते, थेट पहिल्या रांगेपासून मागच्या सीटपर्यंत.