फुसका बार

मराठी माणसाला फुटलेल्या फटाक्याचं भय वाटत नाही आणि न फुटलेल्या फटाक्याजवळ गेल्याशिवाय राहवत नाही. दिवाळीत कुठल्याही सोसायटीच्या आवारात बघा. सुतळी बॉम्बची वात पेटते, मंडळी कानांत बोटं घालतात, डोळे मिटतात आणि काहीच होत नाही. पाच सेकंद शांतता. मग कुणाचा तरी मेहुणा “फुसका आहे हो, फुसका!” म्हणत ऐटीत पुढे जातो आणि खाली वाकून त्या बॉम्बची प्रकृती विचारतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना भाऊबीजेला बहिणीकडे वेळेवर जाता येत नाही, ते या मेहुण्यामुळे.

बंदुकीच्या काडतुसाचंही असंच असतं. उडालेली गोळी निदान समोर गेली, एवढं तरी नक्की असतं. न उडालेलीचा काही नेम नाही. आपल्या भाषेत ‘नेम नाही’ हा शब्दप्रयोग ज्याने आणला, तो बहुधा नेमबाजच असावा.

आता तुम्ही म्हणाल, काउंटरवर पासबुकं छापून देणाऱ्या बी.कॉम. माणसाचा काडतुसाशी संबंध काय? रास्त शंका आहे. आमच्या शाखेच्या दाराशी बारा बोअरची बंदूक घेऊन एक माजी सैनिक मामा बसतात खरे, पण ती आमच्यापैकी कुणाच्या हातात द्यावी इतकं बँकेला अजून वेड लागलेलं नाही. माझा संबंध आला तो एनसीसीत. १९४८ साली कायदा होऊन सुरू झालेली ही संघटना कॉमर्सच्या मुलांना दोन कारणांनी प्रिय होती. एक देशप्रेम आणि दुसरं परेडनंतरचा नाश्ता. हा क्रम मी सभ्यता म्हणून असा लावला आहे.

एनसीसीत नेमबाजी शिकवतात ती ‘पॉइंट टू टू’ रायफलवर. काडतूस बोटाच्या दीड पेराएवढं. त्यातली शिशाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. बघून वाटतं, ही काय करणार? पण ती सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने निघते. तोच वेग टिकला, तर डोंबिवलीहून ठाणं पाऊण मिनिटात! अर्थात टिकत नाही. डोंबिवलीहून निघालेल्या कुठल्याच गोष्टीचा वेग कोपरच्या पुढे टिकत नाही. तरीही दीड किलोमीटरवरच्या माणसालासुद्धा ती इजा करू शकते, हे विसरू नये.

काडतुसाशी आपली सर्वांची पहिली ओळख शाळेत १८५७ च्या धड्यात होते. एनफिल्ड बंदुकीचं कागदी काडतूस दाताने फाडायचं, त्याला गाईची आणि डुकराची चरबी लावलेली आहे अशी वार्ता पसरली आणि २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला. मालाबद्दलची तक्रार साहेबाने वेळेवर ऐकली नाही तर पुढे काय होतं, याचं एवढं मोठं उदाहरण दुसरं नाही. गंमत अशी, की त्याच १८५७ साली तिकडे अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने पॉइंट टू टू जातीचं पहिलं काडतूस बाजारात आणलं. दाताने फाडायला नको, दारू ओतायला नको, सगळं धातूच्या एका डबीत बंद. त्याचा थोरला भाऊ ‘लाँग रायफल’ १८८७ साली आला आणि आज एनसीसीपासून ऑलिंपिकपर्यंत तोच चालतो.

या काडतुसाला ‘रिमफायर’ म्हणतात. म्हणजे काय, ते आमच्या सौभाग्यवतींना मी पुरणपोळीवरून समजावलं. मोठ्या बंदुकांच्या काडतुसात पेट घेणारी टिकली बुडाच्या मधोमध असते, ठसठशीत कुंकवासारखी. रिमफायरमध्ये वेगळी टिकलीच नाही. बुडाच्या दुमडलेल्या काठाच्या आत पेट घेणारा मसाला भरलेला असतो. कारखान्यात तो ओला असताना डबी गरगर फिरवतात, म्हणजे मसाला चहूबाजूंनी काठापर्यंत पोचतो. बंदुकीचा घोडा ओढला की आतली पिन काठावर एकाच ठिकाणी आपटते, काठ चेपतो, मसाला पेटतो, दारू पेटते, गोळी निघते.

“आणि पुरण काठापर्यंत गेलं नसेल तर?” सौ. म्हणाल्या.

नेमकं तेच! पिन जिथे आपटली तिथे मसाला नसेल, तर नुसता ‘टक्’ आवाज येतो. काठापर्यंत पुरण नसलेली पोळी आपण निमूटपणे खातो. काडतुसाचं तसं नाही, कारण बाकीच्या काठात पुरण शिल्लक असतंच.

दुसरी गोम पत्र्याची. काठ इतका पातळ हवा की पिनेने चेपला पाहिजे आणि इतका चिवट हवा की आतल्या दाबाने फाटता कामा नये. हा दाब एका चौरस इंचावर चोवीस हजार पौंडांपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमध्ये तीसेक असतो, त्यावरून हिशेब करा. थोडक्यात, वरून दाबलं की मुकाट दबायचं आणि आतून कितीही खदखदलं तरी फुटायचं नाही. बँकेत कारकुनाची निवड याच कसोटीवर होते. पण हजारांतून एखादा कारकून फुटतो, तसा एखादा काठही फाटतो आणि पेटता वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. म्हणून जाणते लोक चष्मा लावल्याशिवाय रायफलीला हात लावत नाहीत. नंबर असो वा नसो.

बिघडलेल्या काडतुसाचे मुख्य प्रकार तीन. माझ्यासारख्याला ते बँकेच्याच भाषेत कळतात.

पहिला मिसफायर. म्हणजे न वटलेला चेक. काही झालं नाही आणि होणारही नाही. दुसरा हँगफायर. म्हणजे क्लिअरिंगमध्ये लटकलेला चेक. मसाला धुमसत असतो, दारू पेटायला क्षणभर उशीर होतो आणि ‘गेली वाटतं’ असं म्हणेपर्यंत गोळी सुटते. अडचण ही, की पहिल्या काही क्षणांत हे दोन्ही प्रकार बाहेरून अगदी सारखे दिसतात. म्हणून नियम असा, की घोडा ओढूनही बार झाला नाही तर नळी समोर निशाणाकडेच ठेवायची आणि तीस सेकंद थांबायचं. बोल्ट उघडायचा नाही. नळीत डोकावणं तर मेहुण्यालाही माफ नाही.

तिसरा प्रकार सर्वांत कपटी. त्याला ‘स्क्विब’ म्हणतात. यात मसाला पेटतो, पण दारू कमी भरलेली असते किंवा सादळलेली असते. ‘ठो’ऐवजी ‘पुक’ असा केविलवाणा आवाज होतो आणि गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन रुतते. आपल्याला वाटतं, उडाली. आपण पुढचं काडतूस भरतो. आता पारसिकच्या १९१६ सालच्या बोगद्यात एक गाडी बंद पडली आहे आणि मागून दुसरी पूर्ण वेगाने सोडली आहे, असं डोळ्यांपुढे आणा. बोगद्याचं काय व्हायचं ते होवो, नळी मात्र फुगते किंवा फाटते. आणि तिच्या बुडाशी नेमबाजाचा गाल टेकलेला असतो.

ही ‘पुक’ मी स्वतः ऐकलेली आहे. कॅम्पमध्ये फायरिंगचा दिवस होता. आम्ही पाचजण पालथे पडलो होतो, प्रत्येकी पाच गोळ्या. माझ्या डावीकडे कल्याणचा एक सडपातळ मुलगा होता. त्याच्या तिसऱ्या गोळीला आवाज झाला तो कुणीतरी बाटलीचं बूच काढावं तसा. निशाणावर भोक पडलं नव्हतं, पण आमच्यापैकी कुणाच्याच निशाणावर पडलं नव्हतं, त्यामुळे तो काही पुरावा नव्हे. त्याने बोल्ट मागे घेतला, रिकामं खोकं बाहेर पडलं, सगळं रीतसर. चौथी गोळी आत सरकवायला त्याने हात उचलला आणि आमच्या हवालदार उस्तादांचा बूट त्याच्या मनगटाशेजारी येऊन थांबला.

“रुक जा बेटा.” ओरडले नाहीत. आठवडाभर आमच्यावर ओरडणारा माणूस त्या क्षणी देवघरात बोलावं तसं बोलला.

फायरिंग थांबलं. सगळ्या रायफली खाली झाल्या, बोल्ट उघडे. उस्तादांनी त्या रायफलीत नळी साफ करायची सळई घातली. ती मध्येच अडली. मग हळूहळू ठोकून त्यांनी एक काळपट शिशाचा मणी बाहेर काढला आणि त्या मुलाच्या तळहातावर ठेवला. “जो चल गयी उसकी फिकर छोड़ो. जो नहीं चली, उससे डरो.” मुलगा मण्याकडे बघत राहिला. त्या दिवशी त्याने नाश्त्याची पुरी-भाजी मला दिली. मीही ती खाऊ शकलो नाही, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखावं.

संध्याकाळी हिशेब. आणलेली काडतुसं, रिकामी खोकी आणि न उडालेली काडतुसं यांची बेरीज जुळल्याशिवाय कुणाला सुट्टी नाही. एक खोकं गवतात हरवलं तर चाळीसजण गुडघ्यांवर. बँकेत लागल्यावर कॅश टॅली करताना मला नवीन असं काही वाटलंच नाही. मिसफायरांची वेगळी डबी असते, म्हणजे आमचं सस्पेन्स खातं. ती खिशात घालून मित्रांना दाखवायची नसतात, पकडीने उघडायची नसतात, हातोडीने तर नाहीच. नळीबाहेर फुटलेल्या काडतुसाची गोळी फारशी जात नाही, पण हलकी डबी फाटून तिचा तुकडा डोळ्याकडे निघतो.

काडतुसं बिघडतात ती कारखान्यात आणि कारखान्याबाहेरही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पापड सादळतात, तिथे दारूची काय कथा. कुणी प्रेमाने बंदुकीला तेल फार पाजतो आणि ते काडतुसात झिरपतं. म्हणून खोक्यावरचा लॉट नंबर जपून ठेवायचा. एक वाईट निघालं, तर त्याची भावंडंही संशयित. मोठे नेमबाज तर आपल्या नळीला कुठला लॉट मानवतो ते आधी तपासून घेतात. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ते याच चिमुकल्या काडतुसावर. तिथलं दहा गुणांचं वर्तुळ साडेदहा मिलिमीटरचंसुद्धा नाही, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. आणि हा गडी तेव्हा नोकरीला होता कुठे, तर मध्य रेल्वेत, तिकीट तपासनीस! तेव्हापासून टीसी दिसला की मी पास आपण होऊनच काढून दाखवतो.

यंदा माझी भाची एनसीसीत गेली आहे. तिला मी रिमफायर, पुरणपोळी, पारसिकचा बोगदा सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, “एवढं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. बार झाला नाही तर तीस मोज.” ज्या गावात पायऱ्या उतरताना तीन सेकंद थांबणाऱ्याला मागून धक्का बसतो, त्या गावच्या पोरीला मी तीस सेकंद थांबायला सांगत होतो.

कॅम्पवरून तिचा फोन आला. जेवण बरं आहे, तंबूत बेडूक आहे, वगैरे. मग म्हणाली, “मामा, आज माझी एक गोळी उडालीच नाही.”

“मग?”

“मी तीस मोजले. बाजूची म्हणत होती, बघ ना काय झालंय. मी नाही बघितलं.”

“आणि पुढे?”

“पुढे काही नाही. नाहीच उडाली. मॅडमनी काढून डबीत टाकली.”

बँकेत दिवसभर कुणी ना कुणी “काही नाही झालं अजून?” असं खेकसत असतं. ‘काही नाही झालं’ ही इतकी गोड बातमी असू शकते, हे मला त्या फोनवर पहिल्यांदा कळलं.