हप्त्याची गाडी

मोटरसायकल माझी, असं गाव म्हणतं. आरसी बुक मात्र फायनान्स कंपनीचा बोजा दाखवतं.

कर्ज ८० हजार, फ्लॅट १० टक्के, तीन वर्षं. महिन्याला २,८८९ रुपये. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या ८० हजारांवर. उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर दर १८ टक्क्यांच्या घरात जातो. अठरा हप्त्यांत ५२ हजार भरले. मुद्दल फिटलं ३५ हजार. बाकी अजून ४५.

विकली तर ६० हजार येतील. बाकी अन् मुदतीआधी फेडण्याचा दंड मिळून ४७ जातील. हातात १३. दहा वर्षं पळालेली शंभर सीसीची गाडी २८ हजारांना मिळतेय. म्हणजे खिशातून १५. ठेवली तर अजून ५२ भरायचे. पण जुनीला मेकॅनिक जास्त लागणार, अन् दीड वर्षानं नवीला भाव जास्त येणार. नुसत्या पैशात बघाल तर फरक थोडाच.

मग विकायची कशाला?

सूतगिरणीची दुसरी पाळी मध्यरात्री सुटते. तेव्हा एसटी नसते. गाडी पायजेच. पण हप्ता असला की ओव्हरटाइमला नाही म्हणता येत नाही. सुपरवायझर आईवरून शिवी देतो, अन् खात्यातले हप्तेवाले खाली मान घालून धागा जोडत राहतात. युनियनचा फॉर्म फिरतो. पहिला सवाल येतो, कामावरून काढलं तर हप्ता कोण भरणार? मालकाला आता गुंड ठेवायची गरज नाही. महिन्याची ५ तारीख पुरते.

बाप म्हणतो, "नवी इकून जुनी घ्यायलास? गावात त्वांड कसं दावायचं?"

त्याचं दुखणं मला कळतं. आपलं पोर नव्या गाडीवरून पाटलाच्या दारावरून जातं, हे बघायला त्याचं आयुष्य गेलं.

पण मित्रांनो, चाळीसगाव आठवा. १९२९ साली बाबासाहेब तिथं उतरले. महाराचा टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्याला पायी न्यायचं कसं, म्हणून वस्तीनं टांगा भाड्यानं घेतला अन् आपलाच माणूस हाकायला बसवला. त्याला हाकायची सवय नव्हती. पुलावर अपघात झाला. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त त्यांनी हे सांगितलंय. वस्तीच्या मायेबद्दल त्यांची तक्रार नाही. पण प्रवाशाच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, हे लोक विसरले, असं ते स्पष्ट लिहितात.

मानासाठी भाड्यानं आणलेला टांगा अन् मानासाठी हप्त्यावर ठेवलेली गाडी, मला यात फार अंतर दिसत नाही. गिरणीत मान खाली घालून गावात ती वर करायची, हा कसला मान?

मी विकणार. कंपनीकडून एनओसी अन् ३५ नंबरचा फॉर्म घेऊन बोजा उतरवणार. २९ अन् ३० नंबरवर गाडी दुसऱ्याच्या नावावर करणार. जुनी घेताना तिच्यावर कुणाचा बोजा नाही ना, ते आधी बघणार.

अन् युनियनच्या फॉर्मवर सही करणार. बापाला अजून पटलेलं नाही. त्याच्याशी रोज बोलतोय.