हत्ती सहाव्या ओळीत

४ जुलै
रात्री भाचीशी ऑनलाइन डाव. ती पुण्यात, मी सांगलीत. दहा मिनिटं, वर खेळीमागे पाच सेकंद. काळी मोहरी तिची. शेवटी दोघांकडे एकेक हत्ती उरला आणि माझ्याकडे एक प्यादं जास्त. तिनं डाव सोडून दिला. स्क्रीनवरच्या झेंड्यावर बोट टेकवलं की काम झालं! लगेच फोन: "मामा, छान खेळलास." म्हटलं, "ठेवू नकोस. शेवटची स्थिती उघड."

५ जुलै
ती स्थिती टिपून ठेवतो. माझा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती एच७. तिचा राजा ई८, हत्ती ए१, खेळी तिची. हत्ती ए६ वर आणला की माझ्या राजाला सहाव्या ओळीत पाऊल टाकता येत नाही. त्याच ओळीत तिनं हत्ती इकडून तिकडे हलवत राहायचं. मी कंटाळून प्यादं ई६ वर ढकललं, की माझ्या राजाला लपायला आडोसा उरत नाही. तिचा हत्ती पहिल्या ओळीत उतरतो आणि मागून शहावर शह. बरोबरी. बुद्धिबळपटू फिलिदोरनं हे अठराव्या शतकातच मांडून ठेवलंय. (हा गृहस्थ ऑपेरांचा संगीतकारही होता. एवढा वेळ कुठून आणायचा कोण जाणे.)

कॉम्प्युटर या स्थितीला शून्य गुण देतो. भाची वैतागली: "शून्य दिसतंय रे, पण डाव सोडताना मला काय दिसत होतं ते विचार." विचारलं. तिला हत्ती घरच्या ओळीत आणून बसवायचं सुचत होतं, आणि तसं नुसतं बसून राहिलं तर मरण आहे हेही कळत होतं. हे दुसरं तिनं अचूक ओळखलं होतं. मशीन हा भाग सांगत नाही. त्यासाठी हरलेल्यालाच बोलतं करावं लागतं.

८ जुलै
आज नुसताच वाद. ती म्हणाली, १९९७ मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लू या कॉम्प्युटरविरुद्ध दुसऱ्या डावात कास्पारोव्हनंही डाव सोडला होता, आणि नंतर विश्लेषकांनी सततच्या शहांनी बरोबरी दाखवली. मग माझं काय घेऊन बसलास?

मी १९०२ चं माँटे कार्लो काढलं. फॉन पोपिएलविरुद्ध मार्को. मार्कोला वाटलं, आपला डी४ वरचा जखडलेला उंट गेला. सोडला डाव. तोच उंट जी१ वर सरकवला असता तर एच२ वर मातेची धमकी आणि पांढऱ्याच्या वजिरावरही हल्ला. म्हणजे जिंकलेला डाव सोडला बिचाऱ्यानं.

"बघ, मी निदान बरोबरीतलाच सोडला," ती म्हणाली. यावर काय बोलणार?

१३ जुलै
रविवार. तीच स्थिती मांडली, बाजू उलट: पांढरी तिची. मी हत्ती ए६ वर आणून नुसता येरझाऱ्या घालत राहिलो. तिनं बरंच डोकं आपटलं, शेवटी प्यादं ढकललंच. मागून शह सुरू झाल्यावर म्हणाली, "चीड आणणारा बचाव आहे हा." मग पुन्हा बाजू बदलल्या. तिनं माझ्यापेक्षा भराभर केलं.

आता तिचा नवा प्रश्न: प्यादं ई ऐवजी जी स्तंभात असतं तर? तिथं हत्ती घरच्या ओळीत गप्प बसवला तरी डाव वाचतो, असं मी सांगितलं. विश्वास बसला नाही तिचा. उद्या रात्री मला तो वाचवून दाखवायचाय.