सांदवाडी

वऱ्हाडात घरामागच्या मोकळ्या जागेला सांदवाडी म्हणतात. मोरीचं पाणी जाते तिथं अळू नाहीतर केळ, कुडावर वाल, कोपऱ्यात मुंगणा. पुण्याकडचा वाचक मुंगण्याला शेवगा म्हणेल अन् आमच्या सांभाराला कोथिंबीर, चव तीच. मी लग्न होऊन दारव्ह्यात आले तेव्हा गल्लीतल्या बहुतेक घरांना सांदवाडी होती. मग भावाभावांच्या वाटण्या झाल्या, मागं खोल्या निघाल्या, अन् चार काड्या सांभारासाठीही बाया आठवडी बाजाराची वाट पाहू लागल्या.

गल्लीच्या टोकाला एक पडीक प्लॉट होता. बेशरमीची झाडं, फुटकी कवेलू, पन्न्या. मालक बाहेरगावी. बचत गटाच्या बैठकीत एक जण म्हणाली, "त्याले फोन तं करून पाहू." त्यानं हो म्हटलं, अट एकच: बांधकाम काढलं की जागा सोडायची. आम्ही अकरा जणींनी तो साफ केला अन् अखजीला आळी करून वेलांचं बी टोचलं. आमच्याकडं तो मुहूर्त कोणी चुकवत नाही.

बी विकत आणलं नाही. कापसाचं बी आता दरवर्षी दुकानातूनच येते. आधी संकरित आलं, २००२ नंतर बीटी. घरी सरकी जपायचं काम संपलं. पण दोडक्याचं, वालाचं, कोहळ्याचं बी म्हाताऱ्यांनी राखेत घोळून डब्यात ठेवलंच होतं. एकीनं तर माहेरून आणलेली बरबटी काढली, तिच्या आईच्या हातची.

पाण्याचा खरा घोर. वैशाखात हापशी दहा वेळा हापसली की बादलीच्या बुडाला पाणी दिसायचं. मग जुन्या माठांच्या बुडाला भोक पाडून चिंधीची वात घातली अन् ते वेलाशेजारी पुरले. माठ भरला की दोन दिवस पाहायला नको.

भांडण झालं ते वालावरून. आभाळ भरून राहिलं अन् शेंड्यांवर काळा मावा बसला. एकीचा पुतण्या शेतातला पंप पाठीवर घेऊन आला, कपाशीवरचं औषध घेऊन. "काकू, पाच मिनिटांचं काम हाय." आमच्यातल्या निम्म्या जणी तयार होत्या. शेंगा धरायची वेळ होती, मेहनत डोळ्यांदेखत चालली होती.

कोपऱ्यातल्या घरची मावशी आडवी उभी राहिली. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली, हे पेपरात सगळ्यांनी वाचलं. मावशीचा नवरा त्याच हंगामात दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारायला गेला होता. वाचला, पण उजव्या डोळ्यानं अजून नीट दिसत नाही. ती ओरडली नाही. म्हणाली, "हे लेकरायच्या ताटात जाते नं बाप्पा? मंग माह्या अंगावर मार आधी." पोरगा पंप तसाच घेऊन परत गेला. त्याची काकू मात्र आठ दिवस आमच्याशी बोलली नाही.

मावशीनं निंबोळ्या कुटल्या. अर्धा किलोची भरड रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळून दहा लिटर पाणी करायचं अन् थोडा साबणाचा चुरा टाकायचा. कृषी विभागही पाच टक्क्यांचा अर्क म्हणून हेच सांगते. मावा लगेच गेला नाही. दोन वेल काढून टाकावे लागले अन् पहिला तोडा अगदीच थोडा निघाला. रुसलेल्या काकूनं तो मोजून दाखवला. तिचंही खोटं नव्हतं.

पुढं मात्र शेंगा लागल्या. वाटणी सोपी ठेवली: आधी अंगणवाडीच्या खिचडीला, मग गल्लीत बाळंतीण असेल तर तिला मुंगण्याचा पाला, उरलं ते अकरा घरांत. विकायचं नाही असं ठरलं होतं, तरी कोहळी इतकी आली की दोन बाजारात नेली अन् त्या पैशातून हापशीचा वायसर बदलला.

यंदा मालकानं विटा उतरवल्या. ठरलंच होतं ते, तक्रार नाही. बी अकरा डब्यांत गेलं आहे. मावशीनं टिनामागची दोन हात जागा मोकळी केली, काही जणी गच्चीवर पोत्यांत माती भरताहेत. मुंगणा तेवढा हलवता येत नाही. भिंत वीतभर मागं घ्या, असं मालकाला सांगून पाहिलं. मिस्त्रीला विचारतो म्हणाला.