निरोपाची मुदत

चेंबूरची संध्याकाळ नाकाला आधी कळते. स्टेशनबाहेर केळ्याच्या वेफर्सचं तापलेलं तेल, दोन पावलांवर फिल्टर कॉफी, आणि वारा माहुलकडून फिरला की कारखान्यांचा तो उग्र, ओळखीचा दर्प. ट्रॉम्बेचा खत कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला, १९७८ साली त्याची आरसीएफ झाली. शेजारी रिफायनऱ्या, टाटांचं वीजकेंद्र, पलीकडे अणुसंशोधन केंद्र. त्यांच्या पाळ्यांवर आमच्या घरातले डबे, झोपा आणि पाहुण्यांच्या वेळा ठरत. माणूस एकदा गेटच्या आत गेला की बहुधा निवृत्त होऊनच बाहेर पडायचा. त्या दिवशी शाल, श्रीफळ, सहकाऱ्यांची चार अडखळती वाक्यं, आणि घराच्या दारापर्यंत सोबत. नोकरी संपणं हा तेव्हा एक सोहळा होता.

माझ्या भाचीच्या पिढीत नोकऱ्या लवकर सुटतात, निरोप मात्र मिळत नाही. ऐरोलीच्या कंपनीत तिने पेपर टाकले आणि करारातले नव्वद दिवस समोर उभे राहिले. नव्या ठिकाणी महिन्याभरात रुजू व्हायचं होतं. उरलेल्या दिवसांचा पगार भरून देते, म्हणाली. करारात तशी सोय होती. उत्तर आलं, ‘मॅनेजरची मंजुरी लागेल.’ मंजुरी आली नाही. नव्या कंपनीने थांबायचं कबूल केलं म्हणून निभावलं. रात्री जेवणाच्या टेबलावर ती हँडओव्हरची यादी करत बसे: कुठलं काम, कुणाला समजावलं, कुठल्या तारखेला. एकेक ओळ हिरवी होत गेली. शेवटच्या दिवशी लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करून घेतलं. रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनल मात्र ‘प्रोसेसमध्ये’ राहिलं. “मावशी, मी कुणाचं काही बुडवलं नाही गं,” ती म्हणाली, “मग पळून आल्यासारखं का वाटतंय?”

तिच्या या वाटण्याला मोठा इतिहास आहे. १८५९ साली इंग्रजांनी कायदा केला, तो आधी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांसाठी. आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला, मजुराला मॅजिस्ट्रेट पैसे फेडण्याचा किंवा कामावर परत जाण्याचा हुकूम देई. मोडला तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. काम सोडणारा माणूस गुन्हेगार ठरू शकत होता. तो कायदा मोडीत काढायला १९२५ साल उजाडलं. आज कोर्ट कुणालाही नको असलेल्या नोकरीत जबरदस्तीने बसवत नाही. मालक नुकसानभरपाई मागू शकतो, आणि त्याचं नुकसानही खरं असू शकतं. मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची एका सरकारी बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली. पण भाचीचं भांडण कोर्टापर्यंत जाणारं नव्हतंच. नवी कंपनी जुन्या कंपनीचं पत्र मागते, एवढं पुरेसं असतं. एक कागद अडवला की माणूस अडतो.

आणि नोटीस उलट्या दिशेने आली की? आमच्या शेजारीच, देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत ते दिसलं. २८ जून २०२४ रोजी तिच्या चार आवारांतल्या पन्नासहून अधिक शिक्षकांना आणि सुमारे साठ शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना कळलं की ३० जूनला आपलं कंत्राट संपतंय. पगार टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानातून होत आणि पुढची मंजुरी आलेली नव्हती. काहीजण दहा वर्षांहून अधिक काळ शिकवत होते. जिथे श्रमिकांच्या जगण्याचा अभ्यास होतो, तिथे आवरायला दोन दिवस. ओरड झाली, ट्रस्टने निधी देण्याची तयारी दाखवली आणि ३० जूनलाच पत्रं मागे घेतली गेली. पण त्या दोन रात्री त्या घरांत कशा गेल्या असतील, कुणाच्या घरभाड्याचा, कुणाच्या मुलांच्या फीचा हिशेब किती वेळा मांडून झाला असेल, हे कुठल्याच पत्राने मागे घेता येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता सांगते की राजीनामा दिलेल्याचंही वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करा. दोन दिवसांचा हा उपयोग मला मनापासून पटतो.

नोटीस म्हणजे एकमेकांना दिलेला वेळ. जाणाऱ्याने काम नीट हाती सोपवावं, ठेवणाऱ्याने नवं माणूस शोधावं. काढणाऱ्याने समोरच्याला पुढची सोय लावू द्यावी. यात उपकार कुणाचेच नाहीत. म्हणून जितके दिवस मागायचे, तितकेच द्यायची तयारी हवी, आणि शेवटच्या दिवशी पत्र हातात पडायला हवं. मन लावून काम केलेल्या माणसाला, ‘तू इथे काम केलंस’ एवढं सांगणाऱ्या कागदासाठी हात पसरावे लागू नयेत.