जुने आणि जीर्ण

हैदराबादच्या हमरस्त्याला चंद्रपूरचा फाटा जेथे फुटतो, त्या जाम गावी आमचे एक स्नेही जुनी एम. जी. टी. सी. मोटार दुरुस्त करीत आहेत. १९४५ ते १९४९ या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात ही दोन बैठकांची गाडी तयार होत असे. तिचा मूळ ल्युकस डायनामो काढून अल्टर्नेटर बसवावा, असा त्यांच्या मिस्त्रीचा आग्रह. दिवे अधिक प्रखर लागतील, हे खरे. परंतु या गाडीत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते, आणि नव्या यंत्रांस बहुधा ऋण टोक लागते. म्हणजे एका भागापायी विजेची सारी जोडणी उलटवावी लागणार.

जुने आणि जीर्ण यांत भेद आहे, असे आम्हांस वाटते. आतील अ‍ॅशचे लाकूड कुजले तर त्याच जातीचे घालावे. सेवाग्रामची बापूकुटी सारवल्याने परकी होत नाही. टायर व ब्रेकच्या नळ्या यांत जिवाचा प्रश्न असल्याने तेथे भावनेस थारा नको. पण चालता डायनामो काढणे म्हणजे जिवंत साक्षीदारास हाकलणे होय. त्यापेक्षा रात्रीचा प्रवास सोडावा. काढलाच, तर चिठ्ठी बांधून तो जपून ठेवावा. पुढील मालकास मागे वळण्याची वाट तरी राहील.