आकडा कुठून आला

पोस्टग्रेस या डेटाबेसला टाइमझोन विचारला की तो एका शब्दात उत्तर देतो: समजा, यूटीसी. बहुतेक जण तिथेच थांबतात. उत्तर खोटं नसतं, पण ते विचारणाऱ्यापुरतंच खरं असतं. त्याच सर्व्हरवर, त्याच क्षणी, दुसऱ्या जोडणीतून विचारणाऱ्याला ‘एशिया/कोलकाता’ असं उत्तर मिळू शकतं.

हळदीच्या खरेदीचा हिशेब ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरचा डेटाबेस माझ्याकडे आला, तेव्हा तक्रार नेमकी इथली होती. हंगामात मोंढ्यात रात्रभर गाड्या लागतात, काटा पहाटेही चालू असतो. त्या पहाटेच्या काही नोंदी आदल्या दिवसाच्या तारखेला पडत होत्या. सगळ्या नव्हे, काहीच. शेतकऱ्याच्या पट्टीवर एक तारीख आणि व्यापाऱ्याच्या वहीत दुसरी. भाव रोज बदलतो, तेव्हा हा फरक थेट पैशांचा असतो.

नोंदी दोन वाटांनी येत होत्या. काट्यावरच्या संगणकात जावाचा प्रोग्रॅम होता. जावाचा ड्रायव्हर जोडणी करतानाच आपल्या यंत्राचा टाइमझोन सर्व्हरला कळवतो. दुसरी वाट म्हणजे दर तासाला आपोआप चालणारी स्क्रिप्ट. ती काहीच कळवत नव्हती, म्हणून तिला सर्व्हरचं यूटीसी मिळत होतं. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत स्क्रिप्टनं लिहिलेली प्रत्येक नोंद काल झाल्यासारखी दिसायची.

हे उलगडलं ते पीजी_सेटिंग्ज नावाच्या तक्त्यामुळे. त्यात प्रत्येक सेटिंगच्या मूल्याशेजारी ‘सोर्स’ असा रकाना असतो. प्रोग्रॅमच्या जोडणीतून पाहिलं तर तिथे ‘क्लायंट’ होतं, स्क्रिप्टच्या जोडणीतून ‘कॉन्फिगरेशन फाइल’. फाइलमधून आलेलं असेल तर फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांकसुद्धा मिळतो (मात्र ते दोन रकाने बघायला सुपरयुजरचा किंवा तसा वेगळा दिलेला अधिकार लागतो). मूल्य बदलण्याआधी हा रकाना वाचायचा, हा माझा कामाचा पहिला नियम आहे, आणि त्याला मी अपवाद करत नाही. घाईत फाइल उघडून आकडा बदलणाऱ्याला पुष्कळदा असं दिसतं की फाइल बदलली, सर्व्हरनं ती पुन्हा वाचलीही, आणि तरी जैसे थे. कारण फाइलच्या वर कमांड लाइन असते, तिच्या वर डेटाबेसपुरती सेटिंग, तिच्या वर युजरपुरती, मग क्लायंट आणि सगळ्यांत वर चालू सेशन. वरच्यानं काही सांगितलं असेल तर खालच्याचं चालत नाही.

युजरपुरती सेटिंग तर सहसा नजरेतच येत नाही. सॉर्टसारख्या कामाला किती मेमरी द्यायची ते ठरवणारं वर्क_मेम मुळात ४ एमबी असतं. एखाद्यानं ॲप्लिकेशनच्या लॉगिनला ते २५६ एमबी करून ठेवलेलं असतं. आपण आपल्या लॉगिननं बघतो, आपल्याला ४ दिसतं, आणि सर्व्हरची मेमरी कुठे जाते ते कळत नाही. म्हणून ज्याचं दुखणं आहे त्याच्याच लॉगिननं आत जाऊन बघावं लागतं.

मी हे काम कनेरगाव नाक्याहून करतो. हिंगोली–वाशीम रस्त्यावरचं हे गाव मराठवाड्याच्या टोकाला आहे, पुढे विदर्भ. १९४८ पर्यंत अलीकडे निजामाचं राज्य होतं, पलीकडे वऱ्हाड. जमिनीच्या जुन्या कागदांत तो फरक अजून भेटतो: आमच्याकडे मूळ शोधायचं तर खासरा पत्रक काढतात, तिकडे अधिकार अभिलेख. पण आजचा सातबारा दोन्हीकडे सारखाच, आणि तो वाचायची रीतही तीच. जाणता माणूस नुसतं नाव वाचून समाधान मानत नाही. नावापुढचा फेरफार क्रमांक बघतो, मग गाव नमुना ६ काढतो. हे नाव वारसानं लागलं की खरेदीनं, तारीख कोणती, मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली की नाही, हे सगळं तिथे असतं. मला डेटाबेसकडून एवढंच हवं असतं.

या बाबतीत मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस पुढे आहे. त्याच्या ८.० आवृत्तीत व्हेरिएबल्स_इन्फो या तक्त्यात मूल्य कुठून आलं याबरोबर चालू सर्व्हरवर ते कोणत्या युजरनं, कोणत्या यंत्रावरून आणि केव्हा बदललं तेही मिळतं. पोस्टग्रेस फाइल आणि ओळ दाखवतो, माणूस आणि वेळ दाखवत नाही. ही उणीव मला खरोखर खटकते. आणि ‘का’ बदललं, हे तर त्या दोन्ही तक्त्यांत नाही. ते हातानंच लिहावं लागतं: फाइलमध्ये त्या ओळीवर एक टिप्पणी, तारीख, कारण.

हळदीच्या त्याच सर्व्हरवर रँडम_पेज_कॉस्ट, म्हणजे डिस्कवरून विखुरलेलं वाचन किती महाग धरायचं तो आकडा, १.१ होता. मूळ मूल्य ४. फाइलचं नाव आलं पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ, म्हणजे कुणीतरी आत बसून ‘ऑल्टर सिस्टिम’ चालवलं होतं. त्या फाइलमध्ये कारण लिहायची सोयच नसते. हातानं बदलू नका, अशी सूचना मात्र वर असते. १.१ हा आकडा एसएसडीला शोभतो. इथे फिरत्या चकतीच्या जुन्या डिस्क होत्या. आधी काम पाहणाऱ्या गृहस्थांना फोन लावला. ते म्हणाले, “सर, मी इथं काहीच बदललं नाही. जुन्या सर्व्हरवरून डेटा तेवढा आणला.” तोच धागा होता. या सर्व्हरच्या लिनक्सवर मुख्य कॉन्फिगरेशन फाइल ईटीसी फोल्डरमध्ये राहते, पण ऑटो.कॉन्फ डेटाच्या फोल्डरमध्ये असते. फोल्डर उचललं की तीही सोबत येते. जुन्या यंत्रात एसएसडी होती.

मी आठवड्याच्या सगळ्यांत जड क्वेऱ्यांच्या वेळा आधी नोंदवून घेतल्या, मग ‘ऑल्टर सिस्टिम रीसेट’ केलं आणि पुन्हा मोजल्या. डेटाबेसपुरता टाइमझोनही त्याच दिवशी लावला, आणि दोन्ही बदल कारणासकट एका साध्या फाइलमध्ये लिहून त्या गृहस्थांनाही पाठवले.